वेदी आणि दुकान
(अभ्यास लेख : धर्मस्वातंत्र्य, भेदभाव आणि ख्रिस्ती व्यावसायिक)



एका रविवारी मिस्सानंतर आपल्यातलाच एक बांधव चर्चच्या पायरीवर माझी वाट पाहत थांबला होता. तो केटरिंगचा व्यवसाय करतो आणि त्याची पत्नी घरी केक बनवते. मुंबईहून त्याला एक ऑर्डर आली होती. गणपतीपुळ्याजवळच्या एका रिसॉर्टवर ऐंशी माणसांचे जेवण, स्टेजची सजावट आणि केक हवा होता. पैसे चांगले होते, अॅडव्हान्सही येणार होता. दोन दिवसांनी केकवर लिहायची नावे आली आणि त्याच्या लक्षात आले, की दोन्ही नावे मुलांची आहेत.

त्याने मला तीन प्रश्न विचारले. "फादर, मी नाही म्हटले तर पोलीस केस होईल का? हो म्हटले तर पाप लागेल का? आणि चर्चमधली माणसे काय म्हणतील?"

मी त्याच्याकडून दोन दिवस मागून घेतले. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. आपल्यापैकी कोणी फोटोग्राफर आहे, कोणी बँडमध्ये वाजवतो, कोणाचा हॉल आहे, कोणाची गाडी लग्नाला जाते. म्हणून त्याची परवानगी घेऊन आजच्या अभ्यासासाठी हा विषय घेतला आहे.

१. आपल्या देशाचा कायदा

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की दोन सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. भारतीय दंड संहितेचे ३७७ कलम तेवढ्यापुरते रद्द झाले. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पाच न्यायाधीशांनी सांगितले, की समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा न्यायालय बदलू शकत नाही. विवाहाऐवजी वेगळ्या नावाने त्यांच्या नात्याला कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन असे मतभेद झाले आणि तीन न्यायाधीशांचे 'नाही' टिकले. या निकालाच्या फेरविचाराचे अर्ज जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले गेले.

म्हणजे आपल्या देशात असा सोहळा करणे गुन्हा नाही, पण त्याने कायद्याच्या दृष्टीने विवाहही होत नाही. सोहळे मात्र होतात आणि ते फक्त मुंबईत होतात असे नाही. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस यवतमाळच्या एका हॉटेलात दोन पुरुषांचा लग्नसोहळा झाला. त्या वेळी ३७७ कलम अजून लागू होते. २०२१ च्या अखेरीस नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी साखरपुडा केला. या दोन्ही ठिकाणी कोणीतरी जागा दिली, कोणीतरी जेवण रांधले असणार.

आता दुकानदाराविषयी पाहू. आपल्या घटनेचे कलम १५ (२) सांगते, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे येथे मज्जाव करता येणार नाही. अस्पृश्यतेसाठी कलम १७ आणि १९५५ चा कायदा आहे, ज्याला आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात. 'लिंग' या शब्दात लैंगिक कलही येतो, असे २०१८ च्या निकालात काही न्यायाधीशांनी लिहिले आहे. पण समलिंगी ग्राहकाला नाकारणाऱ्या खाजगी केटररला थेट शिक्षा सांगणारे स्पष्ट कलम आपल्याकडे नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पोलीस केसची भीती नाही. पण शिक्षा नाही म्हणजे कृती योग्य आहे, असे ख्रिस्ती माणूस कधी म्हणत नाही. जेथे कायदा गप्प राहतो तेथे सगळा भार आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर येतो.

२. दोन केकची गोष्ट

परदेशात हा प्रश्न न्यायालयात गेला आणि योगायोग असा, की दोन्ही गाजलेले खटले केकचे आहेत.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१२ साली दोन पुरुष आपल्या लग्नाचा केक सांगायला एका दुकानात गेले. दुकानदार श्रद्धाळू ख्रिस्ती होता. दुकानातील इतर काहीही विकतो, पण लग्नाचा केक बनवणार नाही, असे त्याने सांगितले. खटला सहा वर्षे चालला. ४ जून २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दुकानदाराच्या बाजूने निकाल दिला. त्याचे कारण मर्यादित होते. त्याची चौकशी करणाऱ्या राज्य आयोगाने त्याच्या श्रद्धेविषयी तुच्छता दाखवली होती. प्रत्येक दुकानदार प्रत्येक ग्राहकाला नाकारू शकतो, असे न्यायालयाने म्हटले नाही. २०२३ साली त्याच न्यायालयाने एका वेबसाइट बनवणाऱ्या बाईंच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. जो मजकूर पटत नाही तो निर्माण करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही, असे त्याचे तत्त्व होते.

दुसरा केक उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टचा. २०१४ साली एका ग्राहकाने समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे घोषवाक्य केकवर लिहून मागितले. बेकरीने नकार दिला. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने बेकरीचे म्हणणे मान्य केले. न्यायालय म्हणाले, की बेकरीचा आक्षेप त्या माणसाला नव्हता, त्या वाक्याला होता. तोच केक कोणीही मागितला असता तरी त्यांनी नाहीच म्हटले असते. पण एखादा माणूस समलिंगी आहे म्हणून त्याला केक नाकारणे हे तेथील कायद्याने चूकच ठरते.

येथे एक धागा हाती लागतो. माणसाला नाकारणे वेगळे आणि एखादे काम किंवा शब्द नाकारणे वेगळे. हा फरक लक्षात ठेवा.

पण हा धागा निसटताही राहतो. अमेरिकेतच १९६८ साली एका उपाहारगृहाच्या मालकाचा खटला झाला. काळ्या लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीने वाढणे आपल्या धर्माविरुद्ध आहे, असे तो म्हणाला. तोही स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होता. न्यायालयाने त्याचे म्हणणे विचारात घेण्याच्याही लायकीचे नाही, असे ठरवले. आज आपणही तेच म्हणू. धर्माचे नाव घेऊन केलेली प्रत्येक मनाई धर्माची नसते.

३. आपल्या घरची गोष्ट

यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. महाड आपल्यापासून फार दूर नाही. तेथील चवदार तळे नगरपालिकेने सर्वांना खुले केले होते, तरी प्रत्यक्षात ते बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आपल्या हजारो बांधवांसह तेथे पाणी प्यायले. त्यानंतर काही लोकांनी धर्मविधी करून ते तळे 'शुद्ध' केले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. तळे बंद ठेवणाऱ्यांनीही रूढीचा आणि धर्माचाच आधार घेतला होता.

आपल्या रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले. सावरकर त्या वेळी येथे स्थानबद्धतेत होते. १९३३ साली त्यांनी शहरात सर्व जातींच्या हिंदूंसाठी एक उपाहारगृहही सुरू केले. मंदिरापाठोपाठ चहाचे दुकानही का उघडावे लागले, याचा विचार करा. माणसाचा अपमान फक्त देवळाच्या दारात होत नाही. चहाच्या टेबलापाशीही होतो.

आपणही हात धुऊन मोकळे होऊ शकत नाही. आपल्याच ख्रिस्तसभेत देशाच्या काही भागांत दलित ख्रिस्ती बांधवांना वेगळी बाके आणि वेगळी दफनभूमी दिली गेली. त्याविरुद्ध २०१६ साली भारतातील महागुरूस्वामींच्या परिषदेला स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले.

मग जात आणि आजचा प्रश्न एकच आहे का? मला तसे वाटत नाही. जातिभेदाला शुभवर्तमानात कोणताही आधार नाही. विवाह हा एक पुरुष आणि एक स्त्री यांचा असतो, ही मात्र ख्रिस्तसभेची पहिल्यापासूनची शिकवण आहे आणि ती कोणाचा तिरस्कार करण्यासाठी जन्मली नाही. तरीही एक इशारा घ्यावा लागतो. आपण ज्याला श्रद्धा म्हणतो आहोत ती खरोखर श्रद्धा आहे, की किळस, हे तपासल्याशिवाय 'माझा धर्म' हा शब्द तोंडातून काढू नये.

४. ख्रिस्तसभा काय शिकवते?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावर एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा, की कोणावरही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती होऊ नये. हे स्वातंत्र्य फक्त कॅथॉलिकांचे नाही, प्रत्येक माणसाचे आहे, कारण ते माणसाच्या प्रतिष्ठेतून येते. पण त्याच जाहीरनाम्यात मर्यादाही आहे. हे स्वातंत्र्य वापरताना इतरांच्या हक्कांचा मान ठेवला पाहिजे. आपल्या घटनेचे कलम २५ हेच सांगते. सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, पण इतरांच्या मूलभूत हक्कांच्या अधीन राहून.

समलिंगी व्यक्तींविषयी ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २३५८) सांगतो, की त्यांचा आदराने, करुणेने स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्यायकारक भेदभाव करू नये. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलम कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन महागुरूस्वामी कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशस यांनी स्पष्ट केले होते, की ख्रिस्तसभा समलिंगी विवाहाला मान्यता देत नाही, पण समलिंगी व्यक्तींना गुन्हेगारही समजत नाही. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडून आली. आपल्यापैकी बरेच जण एक वाक्य ऐकतात आणि दुसरे विसरतात.

वेदीविषयी संदिग्धता नाही. विवाह हा संस्कार आहे. तो कोणाला द्यायचा हे सरकार ठरवू शकत नाही आणि ठरवूही नये. घटस्फोटानंतर दुसरे लग्न चर्चमध्ये लावण्याची सक्ती सरकार मला करत नाही, तसेच हे. १८ डिसेंबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघालेल्या घोषणेने समलिंगी जोडप्यांना साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देण्याची मुभा दिली. पण तो उपासनाविधी नसावा, लग्नासारखा दिसू नये आणि अशा सोहळ्याच्या वेळी देऊ नये, हेही सांगितले. म्हणून रिसॉर्टवर येऊन आशीर्वाद द्या, असे कोणी मला म्हटले, तर मी नम्रपणे नाही म्हणेन. तेच दोघे दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये येऊन माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणाले, तर मी नाही कसे म्हणू?

५. दुकान म्हणजे वेदी नव्हे

आपल्या बांधवाचा दुसरा प्रश्न होता पापाचा. नीतिशास्त्रात याला दुसऱ्याच्या कृतीतील सहभाग म्हणतात. संत अल्फोन्सस लिगोरी यांनी अठराव्या शतकात याचा बारकाईने विचार केला. दुसऱ्याच्या कृतीला मनापासून संमती देऊन केलेली मदत ही एक गोष्ट. संमती न देता, आपले रोजचे काम करताना त्याला झालेला उपयोग ही दुसरी. पहिल्यात आपण त्या कृतीचे भागीदार असतो. दुसऱ्यात कारण पुरेसे असेल आणि आपले काम मुळात चांगले असेल, तर दोष लागत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनीही कारागिरांचा विचार केला आहे. तलवार किंवा बाण बनवणारा पाप करत नाही, कारण त्या वस्तूचा चांगला आणि वाईट दोन्ही उपयोग होऊ शकतो. मग सुरमईचे कालवण, सोलकढी आणि भात यांच्याविषयी काय बोलायचे? जेवण हे जेवण आहे. भुकेल्या माणसाला वाढणे कधी पाप होत नाही.

संत पौलापुढेही असाच बाजारातला प्रश्न होता. करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस मूर्तींना अर्पण केलेले असू शकत होते. पौलाने सांगितले, की बाजारात जे मिळते ते चौकशी न करता खा. मात्र कोणी मुद्दाम सांगितले, की हे अर्पणाचे आहे, तर त्या माणसाच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे रोजचा व्यवहार आणि श्रद्धेची साक्ष यांत त्याने फरक केला.

मी त्या बांधवाला एक उलट प्रश्न विचारला. "तू कोर्ट मॅरेजच्या पार्टीचे जेवण दिलेस ना? चर्चमध्ये लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांच्या मुलाच्या वाढदिवसाचा केक? कर्ज काढून दारू वाहवणाऱ्या हळदीचे जेवण?" तो हसला. दिले होते. कोणालाच चौकशी केली नव्हती. मग चौकशी फक्त याच एका ऑर्डरची का? विवेक सर्वांसाठी सारखा जागा असेल तर तो विवेक. एकाच प्रकारच्या माणसांपुरता जागा होत असेल, तर तो बहुधा विवेक नसतो, संकोच असतो.

तरीही मी असे म्हणत नाही, की प्रत्येक गोष्टीला हो म्हणावे. जेवण, टेबले, मांडव हे सर्वांसाठी आहे. पण आपल्या हाताने आशयाचे शब्द लिहायचे, गाणे गायचे, प्रार्थना म्हणायची, तेथे माणूस स्वतः बोलत असतो. तेथे विवेक अडखळला तर त्याचा मान राखला पाहिजे. अक्वायनस सांगतात, की विवेक चुकत असला तरी त्याच्या विरुद्ध वागणे पाप आहे. म्हणून विवेकावर जबरदस्ती नको, पण त्याला शिकवत राहायला हवे.

६. छत्री एकच

माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावासाठी मुंबईत भाड्याने खोली पाहायला गेलो होतो. घरमालक सज्जन होते, चहा दिला. आडनाव सांगितले आणि त्यांचा चेहरा बदलला. "तसे काही नाही हो, पण आमच्या इमारतीत मांसाहारी चालत नाहीत. आमच्या धर्माचा प्रश्न आहे." त्यांनी शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. तरी जिना उतरताना भाऊ एक शब्द बोलला नाही. आम्हाला काहीही विचारण्याआधीच आम्ही कोण आहोत एवढ्यावर दार बंद झाले होते.

कायदा अशा वेळी धावून येतोच असे नाही. २००५ साली एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. आपल्या समाजाच्या सोसायट्यांनाही असा निकाल गोड वाटेल. पण दुसऱ्याच्या दारात उभे राहिल्यावर तोच कडू लागतो.

रत्नागिरीत आपण मूठभर आहोत. आपल्याला दोन्ही गोष्टी हव्यात. आपली वेदी आपल्या श्रद्धेप्रमाणे चालावी, हे धर्मस्वातंत्र्य आणि दुकानात, शाळेत, भाड्याच्या खोलीत आपल्याला आडनावावरून कोणी नाकारू नये, हे संरक्षण. ही छत्री एकच आहे. तिच्याखाली दुसऱ्याला जागा नाही म्हटले, तर पाऊस आपल्यावरही येणार.

७. शेवटी काय झाले?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी द्यायचे आहे. तो ऑर्डर घेवो किंवा न घेवो, त्याला कोणी टोमणा मारू नये. वाळीत टाकण्याची रीत कोकणाला नवी नाही. त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने २०१६ साली केला. चर्चच्या आवारात त्या कायद्याची गरज पडू नये.

त्या बांधवाने जेवण आणि सजावट घेतली. केकवर नावे लिहायला मात्र त्याच्या पत्नीचे मन धजेना. मी तिला आग्रह केला नाही. एवढेच सांगितले, की आयत्या वेळी खोटी सबब सांगू नको. वेळेत, स्वतः, खरे ते सांग आणि दुसरीकडे कोठे केक मिळेल तेही सांग. तिने तसेच केले. फोनवर तो मुलगा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ठीक आहे, मावशी."

नंतर ती मला म्हणाली, "फादर, मी माझ्या मनाप्रमाणे केले. पण तो गप्प राहिला ना, ते माझ्या कानातून जात नाही."

मी तिला म्हटले, जाऊ देऊ नकोस. आपला नकार योग्य असला तरी तो कोणाला तरी लागतो. ते ज्याला ऐकू येते त्याच्या नकारात तिरस्कार शिरत नाही. माझ्या भावाचे ते गप्प जिना उतरणे मला अजून ऐकू येते. म्हणून हा लेख लिहिला.

आपला,
धर्मगुरू

लघु ख्रिस्ती समूहांच्या सभेत चिंतनासाठी :

१. माझ्या व्यवसायात किंवा नोकरीत मी कधी कोणाला 'तो कोण आहे' यावरून नाकारले आहे का? त्या वेळी मी कोणते कारण दिले होते?

२. माझ्या कामात रोजचा व्यवहार कोठे संपतो आणि माझी स्वतःची साक्ष कोठे सुरू होते?

३. आपल्या एखाद्या कुटुंबात समलिंगी मुलगा किंवा मुलगी असेल, तर हा लेख वाचताना त्यांना आपल्या चर्चमध्ये परके वाटेल का? वाटत असेल तर आपण काय करू शकतो?